कूलर का वाजतो? वाचकांचे प्रश्न आणि त्यांची उत्तरे

मार्चअखेरीपासून या सदराकडे जी पत्रे येतात, त्यांतली बरीचशी कूलरच्या आवाजाबद्दल असतात आणि ते स्वाभाविकच आहे. पारा पंचेचाळीस अंशांच्या पुढे सरकतो, तेव्हा आपल्याकडच्या खेड्यांतल्या घरात बहुधा एकच खोली गार असते. घरातली वयस्कर माणसे, तान्ही मुले आणि दिवसभर रानात राबून आलेली मंडळी सगळीच त्या खोलीत झोपायला येतात. तिथला कूलर रात्रभर खडखडत राहिला, तर अख्ख्या घराची झोप जाते. या अंकासाठी चार पत्रे निवडली आहेत. तीन कूलरची आहेत आणि एक परदेशातल्या घर उबदार ठेवणाऱ्या यंत्रणेचे आहे. तिथलेही दुखणे पंपाचेच असल्यामुळे ते येथे घेतले आहे.

प्रश्न : आमचे गाव दर्यापूर तालुक्यात आहे. घरी पत्र्याच्या बॉडीचा मोठा कूलर असून त्याच्या पंख्याची काही तक्रार नाही. पंप मात्र सतत ‘घूंऽऽ’ असा आवाज करतो, मधूनच खरखरतो आणि मग वाळ्याच्या ताटीवर पाणी कमी पडते. दोन उन्हाळ्यांत तीन पंप बदलून झाले. दुकानदार म्हणतात की हल्ली मालच असा येतो. आम्ही बोअरचे पाणी वापरतो आणि ते चवीला खारट आहे. चौथा पंप घेण्यापूर्वी काही करता येईल का? सासूबाईंची खाट कूलरजवळच असल्याने त्यांना फार त्रास होतो. (एक वाचक भगिनी)

उत्तर : ताई, खारट पाण्याचा उल्लेख आपण पत्राच्या शेवटी केला आहे, पण माझ्या मते खरे उत्तर तिथेच आहे. दर्यापूर तालुका पूर्णा नदीच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात येतो. अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पसरलेल्या या पट्ट्यात जमिनीखालचे पाणी क्षारांनी भरलेले असते, हे तिथल्या प्रत्येक घराला पिण्याच्या पाण्यावरून ठाऊक आहे. कूलरच्या बाबतीत मात्र त्याचा हिशेब सहसा कोणी मांडत नाही.

कूलर गारवा देतो तो पाण्याची वाफ करून. वाफ होते ती शुद्ध पाण्याची. त्यात विरघळलेले क्षार टाकीतच मागे राहतात. समजा, आपल्या बोअरच्या एका लिटर पाण्यात दीड ग्रॅम क्षार आहेत आणि मे महिन्यात कूलर दिवसाला ६० लिटर पाणी उडवतो. म्हणजे रोज ९० ग्रॅम क्षार टाकीत मागे राहणार. आपण संध्याकाळी वरून नवे पाणी ओततो, पण जुने काढत नाही. त्यामुळे महिनाभरात जवळपास पावणेतीन किलो क्षार त्या टाकीत, ताटीत आणि पंपात साठतो. टाकीचे पाणी दिवसेंदिवस अधिक दाट खारे होत जाते आणि त्याचा साका तळाशी बसतो. पंपही नेमका तळालाच ठेवलेला असतो.

आता आवाजाकडे वळू. पंप नीट ऐकायचा असेल, तर पंख्याचे बटण बंद ठेवून फक्त पंप चालू करावा. घूं असा एकसुरी आवाज येत असेल आणि पाणी कमी पडत असेल, तर आतली चक्री, जिला दुकानात इंपेलर म्हणतात, ती मोकळी फिरत नाही असे समजावे. वीज आत जाते, चुंबकीय ओढ निर्माण होते, पण क्षाराच्या थराने चक्री धरून ठेवलेली असते. खरखर असेल, तर चक्रीत वाळ्याची काडी, लाकडी गवताचा तंतू किंवा क्षाराचा खडा अडकलेला असतो. गुडगुड किंवा ‘सूंऽ’ असा हवा ओढल्यासारखा आवाज येत असेल, तर पाण्याची पातळी पंपाच्या तोंडाच्या खाली गेली आहे. आपल्या वर्णनात पहिले दोन्ही आवाज आहेत, त्यामुळे पंप जळालेला नसून तुंबलेला असण्याची शक्यता अधिक वाटते.

प्लग भिंतीतून काढून पंप बाहेर घ्यावा. केवळ बटण बंद करणे पुरेसे नाही. त्याचे कारण चौथ्या पत्राच्या उत्तरात दिले आहे. पंपाच्या खालची किंवा पुढची जाळीची टोपी बहुधा हाताने किंवा चमच्याच्या टोकाने निघते आणि तिच्या आत चक्री दिसते. ती बोटाने फिरवून पाहावी. सहज फिरायला हवी. मध्येच अडत असेल किंवा करकरत असेल, तर तिच्या मुळाशी गुंडाळलेले तंतू चिमट्याने ओढून काढावेत. काही पंपांत चक्रीला जोडलेला लोहचुंबकाचा गोल तुकडा सरळ बाहेर ओढता येतो. तसा असेल, तर तो बाहेर काढून त्याच्या खोबणीतला पांढरा थरही काढावा.

हा थर सुकल्यावर दगडासारखा घट्ट होतो आणि तो खरवडण्याच्या नादात चक्रीची पाती तुटतात. म्हणून एक लिटर कोमट पाण्यात साधारण ५० ग्रॅम लिंबूफूल (सायट्रिक अ‍ॅसिड) विरघळवून पंपाचा खालचा भाग तासभर त्यात बुडवून ठेवावा आणि वायरीचे टोक कोरड्या जागी वर धरून बांधावे. चुन्याचा थर त्यात बुडबुडे येत विरघळतो. काही क्षार लिंबूफुलाला दाद देत नाहीत, पण तेही सैल पडतात आणि दात घासायच्या जुन्या ब्रशने निघून येतात. संडास धुण्याचे अ‍ॅसिड मात्र कदापि वापरू नये. ते थर झटपट काढते खरे, परंतु पंपाचा दांडा खाते, आणि टाकीत सांडले तर पत्र्यावरचे जस्ताचे आवरण काढून टाकते. मग पुढच्या उन्हाळ्यापर्यंत टाकीला गंजून भोके पडतात.

साफ केलेला पंप फिरू लागला तरी चक्री दांड्यावर डगमगत असेल, तर दांडा झिजला आहे. त्याला इलाज नाही. नवा पंप घ्यावा लागेल. पण तो टिकावा यासाठी दोन गोष्टी कराव्यात, आणि माझ्या मते त्या नव्या पंपापेक्षाही महत्त्वाच्या आहेत. पहिली म्हणजे दर दोन दिवसांनी टाकीच्या तळाचे बूच काढून सगळे पाणी सोडून द्यावे आणि तळ फडक्याने पुसून नवे पाणी भरावे. गोड्या पाण्याच्या गावात आठवड्यातून एकदा केले तरी चालते, खारपाणपट्ट्यात चालत नाही. पाण्याची टंचाई असताना बादल्याच्या बादल्या सोडून देणे जिवावर येते, हे मी जाणतो. तरी जितके पाणी आपण सोडतो, त्याहून कितीतरी अधिक पाणी कूलर रोज उडवतो. हे सोडलेले पाणी तुळशीला किंवा लिंबाच्या झाडाला घालू नये, कारण ते बोअरच्या पाण्यापेक्षाही खारे झालेले असते. नळयोजनेचे पाणी ज्या दिवशी येते, त्या दिवशी निदान एक भरणा त्याचा करावा.

दुसरी गोष्ट म्हणजे पंप तळावर न ठेवता फरशीच्या किंवा कवेलूच्या तुकड्यावर ठेवावा आणि त्या तुकड्यावर सायकलच्या जुन्या ट्यूबचा किंवा चपलेच्या रबराचा तुकडा अंथरावा. दोन बोटे उंच ठेवल्याने साका आत ओढला जात नाही आणि रबरामुळे पंपाची थरथर पत्र्यात उतरत नाही. पत्र्याची टाकी डफासारखी असते; पंपाचा आवाज लहानच असतो, पण टाकी तो मोठा करून खोलीत सोडते. सासूबाईंना ऐकू येणाऱ्या आवाजातला बराचसा भाग याच थरथरीचा असू शकेल, त्यामुळे ही गोष्ट आजच करून पाहावी. पंप उंचावल्यावर पाणी वेळेआधी तोंडाखाली जाते, हे मात्र लक्षात ठेवावे. टाकीच्या आतल्या बाजूला रंगाने एक खूण करून ठेवावी आणि पाणी त्याखाली गेले की पंप बंद करावा. पंप कोरडा चालला की त्याला थंडावा आणि वंगण देणारे पाणीच राहत नाही. अशी एकच रात्र पंप संपवायला पुरते.

शेवटी, वर ताट्यांवर पाणी सोडणाऱ्या नळीची छिद्रेही क्षाराने बुजतात. खराट्याच्या काडीने ती मोकळी करावीत, नाहीतर साफ केलेला पंपही बंद तोंडाच्या नळीत पाणी घुसळत बसेल आणि आपल्याला पुन्हा तोच आवाज ऐकू येईल.

प्रश्न : मी ब्रह्मपुरी तालुक्यातला शेतकरी आहे. आमच्या कूलरचा १८ इंची पंखा घरघरतो आणि त्याबरोबर खिडकीची चौकटही थरथरते. गेल्या वर्षी आणि यंदा, असे दोनदा बेअरिंग बदलले. बदलल्यावर पंधरा-वीस दिवस शांत असतो आणि मग पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. आता मेकॅनिक मोटरच बदला म्हणतो. नवतप्यात, म्हणजे मेअखेरीच्या नऊ तापत्या दिवसांत, कूलर बंद ठेवता येत नाही. मोटर बदलावी काय? (एक वाचक)

उत्तर : भाऊ, एवढ्यात बदलू नका. बेअरिंग दोनदा बदलूनही आवाज परत येत असेल, तर बेअरिंग हे मूळ दुखणे नसून दुसऱ्या कशाचा तरी परिणाम आहे. ते दुसरे काय आहे, हे शोधायचे आहे.

सगळ्यांत आधी एक सोपी चाचणी करा. पंखा पूर्ण वेगात असताना प्लग काढा आणि लक्षपूर्वक ऐका. वीज जाताक्षणीच आवाज थांबला आणि पंखा नुसताच फिरत राहिला, तर तो आवाज मोटरच्या आतल्या तारेच्या गुंडाळीचा, मोटर सुरू व्हायला मदत करणाऱ्या कपॅसिटरचा किंवा वेग कमीजास्त करणाऱ्या रेग्युलेटरचा आहे. वीज गेल्यावरही आवाज चालू राहून पंख्याच्या वेगाबरोबर हळूहळू मंदावत गेला, तर तो फिरणाऱ्या भागांचा आहे. चौकट थरथरते असे आपण लिहिता, त्यावरून तो दुसऱ्या प्रकारचा असावा असा माझा अंदाज आहे. पण ऐकून खात्री करा, कारण पुढचे सगळे यावर अवलंबून आहे.

अशा पंख्याची मोटर साधारण मिनिटाला १४०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला २३ फेरे. तीन पात्यांपैकी एकावर थोडी जरी अधिक माती बसलेली असली, तर ते वजन सेकंदाला २३ वेळा दांडा एका बाजूला ओढते आणि बेअरिंगच्या गोळ्यांना तितकेच हादरे बसतात. आपल्याकडे मे महिन्यातल्या वावटळीची धूळ आणि ताटीवरून उडालेले पाण्याचे तुषार मिळून पात्यांच्या पाठीमागे जो मातीचा लेप तयार होतो, तो तीनही पात्यांवर कधीच सारखा बसत नाही. प्लग काढून पाती दोन्ही बाजूंनी ओल्या फडक्याने स्वच्छ पुसा. मग पंखा हाताने हलकेच फिरवून आपोआप थांबू द्या आणि हे पाच-सहा वेळा करा. दर वेळी तेच पाते खाली येऊन थांबत असेल, तर ते जड आहे किंवा वाकलेले आहे. वाकलेले पाते ओळखण्यासाठी जाळीच्या कडेला एक काडी अशी बांधा की तिचे टोक एका पात्याच्या टोकापासून जेमतेम अंतरावर राहील. मग पंखा हाताने फिरवत तीनही पात्यांचे अंतर पाहा. एखाद्याचे अंतर वेगळे आले, तर ते पाते अंगठ्याच्या दाबाने बेताबेताने सरळ करा. पाती ज्या मधल्या भागाला जोडलेली असतात, तो भाग दांड्यावर आवळणारा लहान स्क्रूही तपासा. तो दांड्याच्या सपाट भागावर नेमका बसलेला नसेल, तर पंखा किंचित तिरपा फिरतो आणि वरून पाहताना ते लक्षातही येत नाही.

आता बेअरिंगबद्दल. दोनदा बदललेले बेअरिंग पंधरा-वीस दिवसांत वाजू लागते, याचे एक कारण मी अनेक घरांत पाहिले आहे आणि ते मला फार खटकते. बेअरिंगला दोन कड्या असतात, एक आतली आणि एक बाहेरची, आणि त्यांच्यामध्ये गोळ्या असतात. दांड्यावर बेअरिंग बसवताना घाईत बाहेरच्या कडीवर हातोडी मारली, की तो घाव गोळ्यांतून आतल्या कडीपर्यंत जातो आणि गोळ्या ज्या खाचेतून फिरतात, तिथे डोळ्यांना न दिसणारे खळगे पडतात. ते नवे बेअरिंग दुकानातून आणल्या दिवशीच अर्धे मेलेले असते. योग्य रीत अशी की आतल्या कडीएवढ्या रुंदीचा नळीचा तुकडा तिच्यावर धरून हलक्या हाताने ठोकावे, म्हणजे सगळा जोर त्या कडीवरच राहतो. मेकॅनिकसमोर उभे राहून तसे करवून घ्या. त्यात संकोच वाटण्याचे कारण नाही.

दुसरे असे की बेअरिंगच्या कडेवर क्रमांक छापलेला असतो आणि त्यापुढे अक्षरे असतात. ‘झेडझेड’ म्हणजे दोन्ही बाजूंना पत्र्याची झाकणे आणि ‘टू-आरएस’ म्हणजे दोन्ही बाजूंना रबराची. कूलरमध्ये चोवीस तास ओलावा असल्याने, त्याच क्रमांकाचे रबरी झाकणाचे मिळाले तर तेच घ्या. ओलाव्याला ते अधिक काळ तोंड देते. आपल्या मोटरमध्ये बेअरिंगऐवजी पितळी बुश, म्हणजे दांडा ज्यात फिरतो ती पितळी नळी, असेल, तर शिवणयंत्राचे तेल दोन-तीन थेंब सोडले तरी कित्येकदा घरघर जाते. खोबरेल किंवा फल्ली तेल मात्र घालू नका. उष्णतेने ते चिकट होऊन बुश धरून ठेवते.

ताटीतून थेट मोटरवर पाणी ठिबकत नाही ना, हेही पाहा. गवत एका ठिकाणी दबून पोकळी पडली, की तिथून पाण्याची धार सरळ आत येते. ती पोकळी बुजवली नाही, तर तिसरे बेअरिंगही गंजणार.

चौकटीची थरथर थांबवण्यासाठी पंखा ज्या पट्ट्यांवर कसलेला आहे, त्यांचे चारही बोल्ट सैल करून प्रत्येकाखाली रबराची वॉशर घाला आणि पुन्हा आवळा. कूलर आणि खिडकीची चौकट यांच्यामध्ये लाकडी पट्टी ठोकलेली असते, तिथे पोत्याचे जाड कापड दाबून बसवा. आपण कदाचित पाहिले असेल, की पहाटे पाणी संपत आल्यावर कूलर अधिक वाजतो. ८० लिटर पाण्याचे ८० किलो वजन टाकीचा पत्रा दाबून धरत असते. ते कमी झाले की पत्रा मोकळा होतो आणि थरथरू लागतो. हा दोष मोटरचा नव्हे.

चाचणीत आवाज वीज जाताक्षणीच थांबला असेल, तर कथा निराळी आहे. त्या वेळी पंखा थेट पूर्ण वेगावर चालवून पाहा. पूर्ण वेगात शांत आणि कमी वेगात घूं करणारा पंखा म्हणजे बहुधा गोल फिरवायच्या बटणाचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर. त्याऐवजी पायऱ्यापायऱ्यांचा कपॅसिटरचा रेग्युलेटर बसवला की तो आवाज जातो. पंखा नुसताच घूं करतो आणि हाताने ढकलल्याशिवाय सुटत नाही, असे असेल तर कपॅसिटर उतरला आहे. तो स्वस्त असतो आणि त्यावर लिहिलेल्या आकड्याचाच नवा घ्यावा. काठीने पंखा ढकलून चालू करण्याची सवय अनेक घरांत आहे, ती सोडा. संध्याकाळी सगळ्या गावाचे कूलर एकदम चालू झाल्यावरच असे होत असेल, तर व्होल्टेज कमी पडत आहे. अशा मोटरची ओढ व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. २३० ऐवजी १८० व्होल्ट आले, तर ओढ साठ टक्क्यांच्या आसपास उरते, आणि मोटर फिरण्याऐवजी तापते. अशा वेळी मोटर बदलून काहीच साधणार नाही.

प्रश्न : मी वर्धा जिल्ह्यातला निवृत्त शिक्षक आहे. गेला हिवाळा मुलीकडे इंग्लंडमध्ये काढला. तिथे घरात सर्वत्र गरम पाण्याच्या नळ्या आणि प्रत्येक खोलीत पाण्याने तापणारी पोलादी पाटी आहे. पाणी फिरवणारा पंप कपाटात बसवलेला होता आणि तो आपल्या कूलरच्या पंपासारखाच खडखडत असे. जावईबापू कारागिराची वाट पाहत राहिले. मला वाटले की मीच उघडून साफ करावा, पण धीर झाला नाही. कारण एकच असते काय? (एक वाचक)

उत्तर : गुरुजी, आपण पंप उघडला नाही हे बरेच केले, पण आपला तर्क बऱ्याच अंशी बरोबर होता. त्या पंपाचा फिरणारा भाग पाण्यातच बुडालेला असतो आणि त्याच्या बुशांना पाणीच वंगणाचे काम देते. नळ्यांत हवा अडकून ती पंपात शिरली, की आपल्या कूलरच्या टाकीत पाणी कमी झाल्यावर होते तशीच खडखड आणि गुडगुड तिथेही होते.

फरक असा, की ती बंद यंत्रणा आहे. तेच पाणी पुन्हा पुन्हा फिरते आणि वाफ होऊन उडत नाही, त्यामुळे तिथे क्षारांपेक्षा लोखंडाच्या गंजाचा काळा गाळ हा मोठा शत्रू असतो. खोलीतली ती पाटी, तिला तिथे रेडिएटर म्हणतात, वरच्या बाजूला गार आणि खाली गरम लागत असेल, तर वर हवा साठली आहे. खाली गार आणि वर गरम लागत असेल, तर तळाशी गाळ बसला आहे. हवा काढणे घरच्या माणसाला जमते. यंत्रणा बंद करून ती गार होऊ द्यायची, पाटीच्या वरच्या कोपऱ्यातली लहान झडप तिच्या किल्लीने किंचित सैल करायची, खाली फडके धरायचे आणि फुसफुस थांबून पाणी दिसू लागताच ती बंद करायची. त्यानंतर बॉयलरवरचा दाबमापक पाहावा. अशा बंद यंत्रणेत गार असताना तो साधारण एक ते दीड बार दाखवायला हवा, कमी असेल तर पाणी भरून घ्यावे लागते. पंपावर वेगाच्या पायऱ्या असतात आणि वेग गरजेपेक्षा अधिक ठेवला तरी नळ्यांतून पाण्याचा सळसळाट ऐकू येतो. आवाज पंपातून न येता बॉयलरमधूनच किटली उकळल्यासारखा येत असेल, तर तिथे मात्र क्षाराचा थर, म्हणजे आपलेच दुखणे असण्याचा संभव असतो. जावईबापूंनी पंप आणि बॉयलर स्वतः न उघडण्यामागे आणखी एक कारण आहे. ब्रिटनमध्ये गॅसवर चालणाऱ्या बॉयलरचे काम ‘गॅस सेफ रजिस्टर’मध्ये नोंद असलेल्या कारागिरानेच करायचे, असा कायद्याचा दंडक आहे.

प्रश्न : आमचे घर हिंगणघाट तालुक्यात आहे. कूलर चालू असताना त्याच्या बॉडीला हात लावला की झिणझिण्या येतात. आठ दिवसांपासून पंपही घूं घूं करतो. घरचे म्हणतात की चप्पल घालून हात लावला तर काही होत नाही. आवाज बंद करण्यासाठी काय करावे? (एक वाचक भगिनी)

उत्तर : ताई, आपला प्रश्न आवाजाचा आहे, पण मी आधी झिणझिण्यांचे उत्तर देतो. हे उत्तर वाचताच कूलरचा प्लग भिंतीतून काढा आणि पुढे सांगितलेले सगळे होईपर्यंत तो लावू नका. आपल्या भागात दर उन्हाळ्यात कूलरच्या धक्क्याने माणसे दगावल्याच्या बातम्या येतात, त्यांत लहान मुले आणि पाणी भरायला गेलेल्या बायका असतात. महावितरणही दर उन्हाळ्यात याबाबत आवाहन करते. जी झिणझिण आज बोटाला जाणवते, तीच उद्या ओल्या जमिनीवर अनवाणी उभे असताना हात सुटू न देण्याइतकी होऊ शकते. चप्पल हा बचाव नव्हे. ती ओली असते, झिजलेली असते, आणि दुसरा हात खिडकीच्या गजाला लागला तर तिचा काही उपयोगच उरत नाही.

पंपाचे घूं घूं आणि बॉडीतली वीज या दोन्ही गोष्टी एकाच आठवड्यात सुरू झाल्या असतील, तर दोन्हींचे मूळ बहुधा पंपातच आहे. पंपाची गुंडाळी राळेत ओतून बंद केलेली असते. चक्री अडकून मोटर तापत राहिली की त्या राळेला भेगा पडतात, भेगेतून पाणी आत जाते आणि गुंडाळीतली वीज टाकीतल्या पाण्यातून पत्र्यात उतरते. पंपाच्या वायरीला मध्येच जोड देऊन त्यावर काळी टेप गुंडाळलेली असेल आणि तो जोड पाण्याजवळ लोंबत असेल, तर तेही कारण असू शकते.

कोणते ते ठरवण्याचे काम मीटर असलेल्या वीजतंत्र्याकडून करवून घ्या. त्याने पंप पूर्णपणे वेगळा करून आधी पंखा आणि बॉडी तपासावी, मग पंप. गळती पंपात निघाली तर पंप दुरुस्त करत बसू नका, फेकून द्या. भेगाळलेल्या पंपाला लांबी किंवा एम-सील लावून पुन्हा पाण्यात सोडणारे लोक मी पाहिले आहेत आणि ते पाहून अंगावर काटा येतो. नव्या पंपाची वायर टाकीबाहेरपर्यंत अखंड असावी, मध्ये जोड नसावा.

त्याच खेपेला तंत्र्याला अर्थिंगही तपासायला सांगा. अनेक घरांत तीन पिनांच्या प्लगची वरची जाड पिन कापून टाकलेली असते किंवा सॉकेटमध्ये ती वायरच जोडलेली नसते. ती जोडलेली असती, तर बॉडीत उतरलेली वीज बोटाऐवजी जमिनीत गेली असती. अर्थिंगचा खड्डा असला, तरी मे महिन्यात आपली काळी जमीन भेगाळून कोरडी ठाक होते आणि कोरडी माती वीज नीट वाहून नेत नाही. म्हणून उन्हाळ्यात त्या खड्ड्यात अधूनमधून बादलीभर पाणी ओतत राहावे. शक्य असेल, तर मीटरनंतर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवून घ्या, ज्याला काही लोक ईएलसीबी म्हणतात. एवढीशी वीज वाट चुकली तरी तो क्षणात लाइन तोडतो. तो वारंवार पडतो म्हणून काढून टाकण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. तो पडतो म्हणजे कुठेतरी गळती आहे, आणि ती शोधायला हवी.

पाणी भरताना, ताट्या काढताना, आत हात घालताना बटण नव्हे तर प्लग काढावा, असे मी पहिल्या उत्तरातही लिहिले. जुन्या घरांत बटण कित्येकदा चुकून न्यूट्रलच्या वायरीवर बसवलेले असते. मग बटण बंद केल्यावर पंखा थांबतो खरा, पण कूलरपर्यंत वीज आलेलीच असते.

तंत्री येईपर्यंत दोन-चार दिवस लागतील. तोवर खाटा अंगणात टाकून रात्र काढावी लागली तरी काढा, पण तो प्लग लावू नका.